माया

माझी मापाची फीत बरोबर दीड मीटरची.
चाळीस वर्षं गळ्यात घालून हिंडते,
कधी मनातही आलं नव्हतं.
मग आमच्या चढाच्या तोंडाशी फलक लागला,
सायकलवाल्याला ओलांडताना
किती अंतर सोडायचं त्याचा.
फीत धरून पाहिली.
तेवढंच.

रस्त्याचं नाव आनंद. रुआ दा अलेग्रिया.
पोर्तोत नदीकडे उतरताना सगळेच रस्ते आनंदाचे,
हा मी रोज चढते,
मागे टोपलीत इस्त्री केलेले कपडे,
डाव्या कोपराशी गाड्यांची ऊब.
ऊबच म्हणते. इतक्या जवळून जातात
की हिवाळ्यात बरं वाटावं.

झेफेरिनोला आरसा लागला. भुरी व्हॅन. थांबली नाही.
एकोणीस वर्षांचा पोरगा, काज करण्यात माझ्याहून सरस.
आता त्याच्या कोटाची डावी बाही
मी वेगळी बेतते, काखेत कळी घालून,
कारण हात तेवढाच वर जातो.

त्यानंतर मी परसातल्या टोमॅटोचा बांबू उपटला
आणि सायकलला आडवा बांधला.
दीड मीटर नव्हे, तेवढा धीर कुठला.
हातभर.
टोकाला शिंप्याचा खडू, निळा.
जो फार जवळून जाईल
त्याच्या दारावर रेघ उमटते,
आपण कापडावर ओढतो तशी:
इथे कापायचं आहे.
पहिल्या आठवड्यात तीन खडू संपले.

मग सेन्योर एवारिस्तो पिमेंता आले,
मुलीच्या लग्नासाठी पँटची उंची करून घ्यायला.
आरशासमोर उभे राहून चिडून सांगत होते,
कुणीतरी त्यांच्या नव्या गाडीवर
या टोकापासून त्या टोकापर्यंत
रेघ ओढून गेलं. निळी.
पुसली गेली म्हणा. पण असं कोण करतं हो?

मी गुडघ्यांवर बसले होते,
तोंडात सात टाचण्या.
त्यामुळे खोटं बोलावं लागलं नाही.

माणसाच्या घोट्यापासून नखभर अंतरावर
आयुष्यभर टाचण्या लावल्या मी.
नवरदेवांना, न्यायाधीशांना, एका बिशपला.
रक्त एकदाच निघालं,
तेही माझं.

तेवढ्यात झेफेरिनो इस्त्री घेऊन आला, उजव्या हातात.
सेन्योर पिमेंतांनी त्याचा डावा पाहिला.
टाचण्या थुंकून मी फितीचं टोक
त्यांच्या खांद्याला लावलं
आणि चालत गेले मागे मागे,
फीत संपेपर्यंत.
इस्त्रीच्या टेबलाला पाठ टेकली.
एवढं, मी म्हटलं.

दुकानात त्या दोन टोकांमध्ये
एक पुतळा मावला असता, एक खुर्ची,
आणि एक पोरगा,
दोन्ही हात पसरून नसेल, पण सहज.

ते म्हणाले, रस्ता अरुंद आहे, सेन्योरा.
मी म्हटलं, मग मागे राहायचं.
ते म्हणाले, तुम्ही लोक सिग्नल तोडता.
तोडते. एकदा तोडलाय,
पाऊस होता, टोपलीत रेशमी ब्लाउज होते.
तो हिशोब माझ्याकडे आहे, मी म्हटलं,
यात मिसळू नका.

त्यांनी फितीचं टोक
खांद्यावरून स्वतःच काढून दिलं.
बोलले नाहीत काही.
पटलं असेल, किंवा अपमान झाला असेल,
पाठमोऱ्या माणसाचं तेवढं माप घेता येत नाही.

शनिवारी पँट न्यायला आले.
घालून पाहिली. वाकून, काठ उलटून पाहिला,
आत दुमडलेलं कापड बोटांत धरून म्हणाले,
हे एवढं कशाला ठेवलंत?

माया म्हणतात त्याला, मी म्हटलं.
दिसत नाही. पण नसली
तर पहिल्याच ताणाला उसवतं सगळं.

पैसे मोजून देताना एक नाणं खाली पडलं.
आम्ही दोघंही वाकलो
आणि दोघंही थांबलो,
आधी तुम्ही, आधी तुम्ही करत.

बांबू अजून बांधलेलाच आहे.
कालचा खडू मात्र
अर्धा उरला.